पोरांना व्यसन लागूच नये म्हणून पंचायत-पालिकेचा पैसा कसा मिळवायचा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभा जवळ आली की, नाहीतर महापालिकेच्या बजेटचा सीझन सुरू झाला की, तेच तेच प्रश्न येतात. दरवेळी वेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या गावांसाठी आणि शहरांसाठी आहे. विषय दारू सोडवण्याचा नाही, पोरं दारू-तंबाखू-गांजा-गोळ्यांकडे वळायच्या आधी काय करायचं आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, एवढाच.

सरपंच म्हणतात "असं हेडच नाही, पैसे कुठून देऊ?" खरंय का हे?

अर्धं खरंय. बहुतेक पंचायतींच्या बजेटमध्ये "व्यसनमुक्ती" नावाची ओळ नसते हे बरोबर. पण ओळ नाही म्हणजे खर्च करता येत नाही, असं कुठेही नाही. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतीचे २९ विषय दिलेत, त्यात आरोग्य, शिक्षण, महिला व बालविकास, समाजकल्याण, ग्रंथालयं, सांस्कृतिक कार्यक्रम हे सगळं आहे. दारूबंदी हा शब्द मात्र त्या यादीत नाही. त्यामुळे तुम्ही "दारूबंदी कार्यक्रम" असं लिहून नेलं की भाऊसाहेब (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून भाऊसाहेबच) कागद बाजूला ठेवतात, आणि "१२ ते १८ वयोगटासाठी आरोग्य व जीवनकौशल्य शिक्षण" असं लिहिलं की तोच कागद आरोग्य-शिक्षणाच्या हेडखाली बसतो. यात चलाखी काही नाही, काम खरोखर तेच आहे.

मग पैसा नेमका कुठकुठल्या खिशात असतो?

एका मोठ्या खिशात कुठेच नाही, पाच-सहा छोट्या खिशांत आहे. म्हणून तर सगळे म्हणतात "नाही".

पहिला म्हणजे वित्त आयोग. पंधराव्या वित्त आयोगाचा महाराष्ट्रातला ग्रामीण पैसा ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असा वाटला जायचा. त्यात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, आणि ४० टक्के अबंधित. अबंधितातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही, बाकी २९ विषयांतली गावाची गरज भागवता येते. म्हणजे समुपदेशकाला कायमचा पगार द्यायला तो पैसा चालणार नाही, पण ठरावीक सत्रांचा कार्यक्रम आराखड्यात बसू शकतो. पंधराव्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, २०२६-२७ पासून सोळावा. तेव्हा बंधित-अबंधितचं गणित जुन्या पाठांतरावर सांगू नका, पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांकडून चालू सूचना बघून घ्या.

दुसरा खिसा पंचायतीचा स्वनिधी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार लिलाव वगैरे. यातला १० टक्के महिला-बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचाच असतो. या १० टक्क्यांचं बऱ्याच ठिकाणी काय होतं ते सगळ्यांना माहितीये, मार्च उजाडतो आणि घाईघाईत अंगणवाडीला सतरंज्या आणि खुर्च्या येतात. सतरंज्यांवर माझा राग नाही, पण वर्षानुवर्षं त्याच येत असतील तर एक वर्ष किशोरवयीन मुलामुलींच्या कार्यक्रमाला मागा की. बालकल्याणातला "बाल" म्हणजे फक्त अंगणवाडीतला नाही, १८ वर्षांपर्यंतचा प्रत्येक जण कायद्याने बालकच आहे.

तिसरा, ग्राम आरोग्य पोषण पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून तिला वर्षाला १० हजारांपर्यंत अबंधित निधी मिळतो. रक्कम छोटी आहे, पण आशाताई आणि अंगणवाडीताई मनावर घेतील तर हा खर्च सगळ्यात लवकर होतो, कारण निर्णय गावातच होतो.

चौथा जिल्हा परिषदेचा सेस, म्हणजे तिचा स्वतःचा निधी. त्यातही समाजकल्याणाला २० टक्के आणि महिला-बालकल्याणाला १० टक्के राखीव. समाजकल्याणाचा पैसा मागासवर्गीयांसाठीच आहे, त्यामुळे वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका किंवा खेळाचं साहित्य मागायचं असेल तर ही जागा.

पाचवा फक्त पेसा गावांसाठी, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी (अनुसूचित) भागातल्या गावांसाठी. आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी २०१५ पासून थेट या पंचायतींच्या खात्यात येतो आणि त्यात आरोग्य-शिक्षण-स्वच्छता हा एक भाग आहेच. शिवाय पेसा कायद्याने (१९९६) मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी किंवा नियंत्रण आणायचा अधिकार गावाला दिलाय. म्हणजे पैसा आणि अधिकार दोन्ही हातात असलेली गावं हीच. बाकीच्यांकडे दोन्हींपैकी एकच असतं.

सहावा जिल्हा नियोजन समिती, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची. जिल्हा वार्षिक योजनेत "नावीन्यपूर्ण योजना" असा एक भाग असतो. तिथे एकट्या गावाने जाऊन उपयोग नाही, तालुक्यातल्या आठ-दहा गावांचा एकत्र प्रस्ताव एखाद्या खात्यामार्फत, आरोग्य किंवा समाजकल्याण, गेला तरच कोणी बघतं.

शहरात राहतो. ग्रामसभा नाही, मग आम्ही कुठे जायचं?

शहरात समाज विकास, आरोग्य आणि शिक्षण अशा तीन विभागांत हे काम वाटलेलं असतं, आणि तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. महिला-बालकल्याणासाठी राखीव निधी पालिकांनाही आहे. आयुक्तांचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे येतं आणि मार्चअखेर मंजूर होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये पत्र घेऊन गेलात तर तुम्हाला पुढच्या वर्षीचं आश्वासन मिळणार. मागणी दिवाळीच्या आधी द्या.

पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामं थेट अंदाजपत्रकासाठी सुचवायची पद्धत आहे. लोक तिथे फुटपाथ, दिवे आणि बाकडी सुचवतात, ते ठीकच आहे, पण पालिकेच्या शाळेचं मैदान संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना उघडं ठेवायला गेटजवळ दिवे आणि कुंपण दुरुस्ती हे पण "काम"च आहे ना. मैदान कुलूपबंद आणि पोरं जिन्याखाली, हे चित्र कुठल्याही शहरात संध्याकाळी सात वाजता बघायला मिळतं.

नशामुक्त भारत अभियानाचा पैसा आमच्या गावाला मिळेल का?

थेट नाही. हे अभियान १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत सुरू झालं, नंतर देशभर नेलं. जिल्ह्यात समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि आपल्याकडे रोजचं काम समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. तिथून पैसा नाही पण माणसं, साहित्य आणि प्रशिक्षित स्वयंसेवक मिळू शकतात. पत्र द्या, पोच घ्या.

मोठा पैसा आहे तो केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अंमली पदार्थ मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात. त्यातून पुनर्वसन केंद्रं, ड्रॉप-इन सेंटर आणि समवयस्क मुलांमार्फत चालणारे प्रतिबंधाचे प्रकल्प यांना अनुदान मिळतं. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर, संस्था नोंदणीकृत आणि काही वर्षं काम केलेली हवी, शिवाय राज्याची शिफारस लागते. नवीन तरुण मंडळाने याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कागद जमवता जमवता मंडळातले निम्मे जण नोकरीला पुण्याला जातात. जिल्ह्यात आधीच असं अनुदान घेणारी संस्था असेल तर तिला आपल्या गावात बोलवा, ते सोपं पडतं.

दारूवरच्या टॅक्समधला वाटा पंचायतीला मिळतो का?

नाही. उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं.

आमदार निधी, खासदार निधी?

खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. सत्रं, मानधन, जनजागृती यासाठी मिळणार नाही. आमदार निधीचाही कल बांधकामाकडेच. तेव्हा तिथे अभ्यासिकेची खोली, व्यायामशाळा किंवा मैदान मागा, कार्यक्रम मागू नका. व्यायामशाळा आणि क्रीडांगणासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं वेगळं अनुदान पण आहे, ते बऱ्याच पंचायती विसरतात. एक सूचना: ओपन जिम बसवून टाकली म्हणजे काम झालं असं नाही. पोरांना तिथे कोणी शिकवणारा नसेल तर सकाळी आजोबा आणि रात्री टोळकं, एवढाच तिचा वापर. आणि सध्या काही भागांत जिमच्याच आसपास मेफेंटरमाईनची (रक्तदाब वाढवणारं औषध, नशेसाठी वापरतात) इंजेक्शनं विकली जातात, तेव्हा देखरेखीशिवायची जिम हा उपाय आहे की अडचण, हे गावानेच ठरवावं.

पैसे मिळाले तर आधी रॅली काढावी का?

नको. २६ जूनला जागतिक अंमली पदार्थ विरोधी दिन असतो, त्या दिवशी पोरं उन्हापावसात घोषणा देत गावातून फिरतात, फोटो निघतात, बातमी येते, फ्लेक्स दोन दिवसांनी कोणाच्यातरी गोठ्यावर जातो. यात वाईट काही नाही, फक्त उपयोग नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनओडीसी संस्थेने प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष काढलेत (२०१३, सुधारित २०१८), त्यात स्पष्ट आहे की नुसती माहिती देणारी भाषणं, घाबरवणारी चित्रं आणि "मी कसा बरबाद झालो" छाप मनोगतं यांनी शाळकरी मुलांवर टिकणारा परिणाम दिसत नाही. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस वर्गात येऊन शिकवायचे तो डेअर कार्यक्रम प्रचंड पसरला होता, त्याच्या अभ्यासांतही नंतर हेच निघालं की मुलांच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे मात्र अजून पोलिसकाकांचं लेक्चर, एक व्हिडिओ आणि शपथ हाच ठरलेला कार्यक्रम.

काम कशाचं होतं? मुलांनी बोलायचं, करून बघायचं अशी सलग सत्रं, वर्षभर, त्याच माणसाकडून. मित्र आग्रह करतोय तेव्हा नाही कसं म्हणायचं, राग आला की काय करायचं, परीक्षेत नापास झालो तर घरी कसं सांगायचं, असले विषय. दुसरं म्हणजे आईबापांसोबतची सत्रं, पोराशी कसं बोलायचं, संध्याकाळी कुठे असतो हे मारझोड न करता कसं विचारायचं. तिसरं म्हणजे संध्याकाळचा वेळ, कारण शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत पोरं कोणाच्याच नजरेत नसतात.

आईसलँडचं उदाहरण सगळीकडे देतात, पण त्यातला पैशाचा भाग कोणी सांगत नाही. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती, २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. राजधानी रेक्याविकच्या नगरपालिकेने प्रत्येक मुलाच्या नावाने खेळ-संगीत-कलेच्या क्लासची फी भरायला एक कार्ड दिलं, म्हणजे पैसा भाषणावर न जाता थेट मुलाच्या मोकळ्या वेळेवर गेला. आणि शाळांमध्ये नियमित सर्व्हे करून प्रत्येक भागाला त्याचे स्वतःचे आकडे दिले. आपलं गाव म्हणजे रेक्याविक नाही हे कळतं, पण कबड्डीचा मॅट, ढोलकी-हलगी शिकवणारा माणूस आणि मैदानावर दोन दिवे हे आपल्या बजेटमध्ये बसतं.

महाराष्ट्रात कुठे मोठ्या प्रमाणावर असं काही झालंय का?

गडचिरोलीत. तो जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा आहे, तरी चोरटी दारू आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) होताच. २०१६ मध्ये राज्य सरकार, डॉ. अभय बंग यांची सर्च संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून "मुक्तिपथ" सुरू केलं. जनजागृती, गावागावातल्या संघटना, पोलीस-प्रशासनाची अंमलबजावणी आणि तालुका पातळीवर उपचार, असं चारही बाजूंनी काम. सगळ्या गावांना हे जमणार नाही, त्यामागे मोठी संस्था आणि जिल्हा प्रशासन उभं होतं. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: गावातल्या बायकांच्या संघटनेला त्यांनी कार्यक्रमाची मालकीण केलं, प्रेक्षक नाही.

आमच्याकडे दारूपेक्षा मावा, व्हाईटनर आणि गोळ्यांचा त्रास जास्त आहे. कार्यक्रम कशावर घ्यायचा?

लहान मुलांसाठी तुमचं निरीक्षण बरोबरच आहे. एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (अहवाल २०१९) हुंगायचे पदार्थ, म्हणजे व्हाईटनर, पंक्चरचं सोल्युशन वगैरे, यांचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के निघालं. बाकी बहुतेक पदार्थांत मोठी माणसं पुढे, इथे मुलं पुढे. तर पाचवी-सातवीच्या मुलांसमोर एमडी (मेफेड्रोन, एक रासायनिक नशा) आणि कोकेनचे स्लाईड दाखवून काय मिळणार, उलट कुतूहल वाढतं. तिथे तंबाखू, मावा-खर्रा आणि हुंगणं एवढंच. कॉलेजच्या वयात दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, कफ सिरप आणि एमडी.

एमडी हा फक्त मुंबईचा प्रॉब्लेम आहे असं वाटत असेल तर २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एमडीचा मोठा साठा पकडला होता ते आठवा.

फुकटात काय काय मिळतं? सगळ्यालाच पैसे कशाला?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि खरं तर पहिला हाच विचारला पाहिजे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, तिथेच तंबाखू नियंत्रण कक्ष असतो, शाळेचं पत्र गेलं की येतात. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत "मैत्री क्लिनिक" असतं, १० ते १९ वयोगटासाठी, बाहेर बोर्ड असतो पण पोरांना माहितीच नसतं. शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचंय आणि त्यांच्या ११ विषयांत व्यसन प्रतिबंध हा विषय आहेच. म्हणजे तुमच्या शाळेतल्या कोण्या सरांना किंवा बाईंना हे ट्रेनिंग मिळालेलं असू शकतं, पुस्तिका कपाटात असू शकते. आधी ते कपाट उघडा, मग निधीची मागणी करा.

पंचायतीचा पैसा मग उरलेल्या गोष्टींना लावा: येणाऱ्या माणसाचा प्रवास, सत्राचं साहित्य, पालकसभेचा चहा, मैदानाचे दिवे, खेळाचं साहित्य, शिकवणाऱ्याचं सत्रनिहाय मानधन.

ग्रामसभेत विषय मांडायचा कसा? दरवेळी "ऐनवेळचे विषय" मध्ये ढकलतात.

ढकलणारच, कारण तुम्ही ऐनवेळी बोलता. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, तुमचं पत्र त्याच्याही आधी आवक-जावक रजिस्टरला नोंदलेलं हवं, पोच घेतलेली हवी. मोठ्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे हा विषय आधी मंजूर करून घ्या. महिला सभेतून आलेला विषय टाळणं सरपंचांना पण जड जातं, आणि खरं सांगायचं तर या विषयावर गावातल्या बायकांइतकं ठाम कोणी बोलतही नाही. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली की विषय पण लांबतो, तेव्हा मंडळाच्या पोरांना नुसतं स्टेटस ठेवायला नाही तर खुर्चीवर बसायला आणा.

ठराव मोघम नको. "व्यसनमुक्तीसाठी प्रयत्न करावेत" असा ठराव म्हणजे कोणी काहीच करायचं नाही. साधारण असा लिहा:

"गावातील इयत्ता ७ वी ते १२ वीतील विद्यार्थी व शाळा सोडलेल्या १८ वर्षांखालील मुलामुलींसाठी सन अमुक-अमुक मध्ये जीवनकौशल्य व आरोग्य शिक्षणाची मासिक सत्रे, तिमाही पालकसभा व सायंकाळी मैदान वापर ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करावीत, त्यासाठी महिला-बालकल्याण राखीव निधी व वित्त आयोग अबंधित निधीतून रु. अमुक इतकी तरतूद करावी आणि देखरेखीसाठी मुख्याध्यापक, आशा, एक महिला सदस्य व दोन युवक यांची समिती नेमावी."

सूचक-अनुमोदकाची नावं प्रोसिडिंग बुकात तिथल्या तिथे लिहून घ्या. "नंतर लिहितो" म्हटलं की थांबा आणि बसून राहा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम साधारण २ ऑक्टोबरच्या सभेपासून रंगतं, तेव्हा विषय त्याच सुमारास घ्या. आराखड्यात नऊ संकल्पना असतात, त्यातल्या "आरोग्यदायी गाव" नाहीतर "बालस्नेही गाव" याखाली हे नोंदवा. एकदा आराखड्यात नाव आलं की मग खर्चाला प्रशासकीय मान्यता, दरपत्रकं, व्हाउचर हा नेहमीचा रस्ता.

शाळेजवळची टपरी हटवायलाही निधी लागतो का?

अजिबात नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात शाळा-कॉलेजच्या १०० यार्डात तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे आणि १८ खालच्या मुलाला विकणंही गुन्हा आहे. शाळेने रस्त्यावर पिवळी पट्टी मारायची, तिला लागतो एक डबा रंग. मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे टपरीवाल्याला नुसतं सांगितलं तरी बऱ्याचदा फरक पडतो. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते ते टपरीवर लटकणाऱ्या माळा सांगतात.

सरकारमान्य दारू दुकान बंद करायचं असेल तर तो वेगळा रस्ता: २५ टक्के महिला मतदारांची निवेदनावर सही, मग मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींचं मत "आडव्या बाटली"ला (म्हणजे दुकान बंद करायला) पडावं लागतं. आलेल्यांपैकी निम्म्या नाही, एकूण मतदारांपैकी. इथेच बहुतेक गावं हरतात, कारण मुंबई-पुण्याला गेलेल्या सुना-लेकी यादीत असतात आणि मतदानाला नसतात.

एक संस्था म्हणते आम्ही शिबिर घेतो, एवढे एवढे द्या. विश्वास ठेवायचा का?

शिबिर एक दिवसाचं असेल तर पैसे देऊ नका, एवढा साधा नियम ठेवा. वर्षभर येणार का, तोच माणूस येणार का, मुलांना काय विचारून सुरुवात करणार आणि वर्षाच्या शेवटी काय विचारणार, हे लेखी मागा. नाव न लिहिता भरायचा आठ-दहा प्रश्नांचा फॉर्म जूनमध्ये आणि परत फेब्रुवारीत भरून घेतला तरी पुष्कळ कळतं, आणि पुढच्या वर्षी निधी मागताना तोच कागद कामाला येतो. फक्त फॉर्म वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत, पोरं खरं लिहिणार नाहीत.

"पिणाऱ्याला न सांगता जेवणातून औषध द्या" म्हणणाऱ्यांना पंचायतीच्या हद्दीतही येऊ देऊ नका. डायसल्फिराम नावाचं औषध पोटात असताना माणूस दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ते माणसाच्या संमतीने आणि डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायचं असतं. आणि निवासी केंद्र चालवणाऱ्यांकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी आहे का ते विचारा. काही ठिकाणी मारहाण आणि डांबून ठेवणं यालाच उपचार म्हणतात.

आमच्या घरातलाच मुलगा अडकलाय. पंचायतीकडून उपचाराचा खर्च मिळेल का?

या निधीतून नाही, आणि त्याची वाट पण बघू नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर आहे. १४४१६ हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्यासाठी. दोन्हींत एका आकड्याचा फरक आहे, चुकून दुसरीकडे लागला तरी घाबरू नका. सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात उपचार होतात, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. "पोलीस केस होईल" या भीतीने लोक लपवतात. स्वतःहून उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्याकडचा साठा कमी असेल तर, अंमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देतं. विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर १९३३, नाव सांगावं लागत नाही.

पैसे खरंच खर्च झाले का, ते कसं बघायचं?

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाचा खर्च मोबाईलवर दिसतो. तिथे कामाचं नाव, मंजूर रक्कम आणि दिलेली रक्कम बघा. स्वनिधीचा तपशील तिथे नीट सापडेलच असं नाही, त्यासाठी ग्रामसभेत जमाखर्च वाचायला लावा, नाहीतर माहिती अधिकारात व्हाउचरच्या प्रती मागा. अर्जात "व्यसनमुक्तीवर किती खर्च झाला" असं विचारू नका, "निरंक" असं उत्तर येईल. "सन अमुकमध्ये महिला-बालकल्याण १० टक्के निधीतून झालेल्या खर्चाची व्हाउचरनिहाय यादी" असं विचारा.

आमच्याकडे निवडणूक झालेली नाही, प्रशासक बसलाय. आता काय?

ग्रामसभा तरीही घ्यावी लागते आणि आराखडाही करावा लागतो. उलट काही ठिकाणी प्रशासकाच्या काळात काम पटकन होतं, कारण टपरीवाला कोणाच्या पॅनेलचा हा प्रश्न आडवा येत नाही. फक्त प्रशासक बहुतेकदा विस्तार अधिकारी असतो, त्याच्याकडे एकापेक्षा जास्त गावं असतात आणि तो कधी येतो ते भाऊसाहेबांनाच माहीत. तेव्हा पत्राची एक प्रत बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांना, एक शाळेच्या मुख्याध्यापकांना, आणि प्रशासकाच्या गावभेटीचा वार आधी विचारून ठेवा.